रोज रंकाळ्याची फेरी होते, तरी आबांचे पाय का गळतात? वयानुसार झिजणारे स्नायू घरच्या घरी टिकवण्याची क्रमवार पद्धत

रोज कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची फेरी होते, सकाळ-संध्याकाळ दूध होतं, रविवारी मटण होतं. तरीही आबांना खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि आज्जी जिन्याच्या प्रत्येक पायरीला कठडा धरतात. घरातले म्हणतात, वय झालं. वय झालेलं असतंच, पण बहुतेक घरांत गडबड क्रमाची असते. आधी टॉनिक, मग मालिश, मग एक फेरी वाढवायची, आणि स्नायूंना खरा ताण देणारी गोष्ट कुणी करतच नाही. केलीच तर पहिल्या दिवशी पन्नास बैठका, दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसणं आणि तिसऱ्या दिवशी 'आमच्याच्यानं हुईत न्हाई बघ.'

वयानुसार होणाऱ्या या झिजेला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात. तिशी-चाळिशीपासून ती हळूहळू चालू होते, साठीनंतर वेग घेते. मांस जितकं कमी होतं त्याहून ताकद लवकर जाते, त्यामुळे अंगानं जाडजूड दिसणारा माणूसही आतून कमजोर असू शकतो. यावर खात्रीनं लागू पडणाऱ्या गोष्टी दोनच: हळूहळू वाढत जाणारा भार आणि रोज पुरेशी प्रथिनं. एक केली आणि दुसरी सोडली तर फळ अर्धंच मिळतं. खालचा क्रम घरात आबा-आज्जींकडून हे करून घेणाऱ्या मुला-सुना-नातवंडांसाठी आहे. टप्पे उलटसुलट करू नका.

टप्पा १ : आधी मोजा

मोजल्याशिवाय सुरू केलं तर दोन महिन्यांनी फरक पडला की नाही यावर घरात वादच होतो. एक वही घ्या आणि चार गोष्टी लिहा.

*खुर्चीची चाचणी.* हात नसलेली, साधारण ४५ सेंटीमीटर उंच, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आबांनी दोन्ही हात छातीवर आडवे बांधायचे आणि लागोपाठ ५ वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. 'चला' म्हटल्यापासून पाचव्यांदा सरळ उभे राहीपर्यंत मोबाइलवर वेळ मोजा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू कमजोर झाल्याची शक्यता धरायची. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर तसं लिहा आणि थांबा, जबरदस्ती नको.

*चालण्याची चाचणी.* घरात किंवा गल्लीत ६ मीटर अंतरावर खडूनं दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या थोडं आधीपासून चालायला सुरुवात करायची आणि दुसरीच्या पुढं जाऊन थांबायचं. वेळ मात्र फक्त रेघांमधला. चाल नेहमीचीच हवी, पोरांपुढं दाखवायची नव्हे. ६ सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे.

*पोटरीचा घेर.* खुर्चीत बसवून, तळवे जमिनीवर टेकवून, शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई लोकांसाठी धरलेली मर्यादा पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ सेंटीमीटर आहे. त्याखाली आकडा आला तर सावध व्हा. टेप नसेल तर आबांनी स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीभोवती कडं करावं. कडं सैल पडून मध्ये फट राहिली तर पोटरी बारीक झाली आहे.

*वजन.* सकाळी, उपाशीपोटी.

> सावधान: पायावर सूज असेल तर पोटरीचा आकडा फसवा येतो. बोटानं दाबून खळगा राहत असेल तर ती सूजच समजा. तो आकडा लिहू नका, डॉक्टरांना दाखवा.

सोफ्यावर किंवा दिवाणावर बसवून ही चाचणी घेण्याची चूक सर्रास होते. मऊ, खोल बैठकीतून तरण्या माणसालाही उठायला वेळ लागतो. दुसरी चूक म्हणजे अर्धवट उभं राहून परत बसणं. गुडघा सरळ झाल्याशिवाय तो आकडा धरायचा नाही.

टप्पा २ : डॉक्टरांकडं एकदा जाऊन या

प्रत्येक कमजोरी वयाची नसते. थायरॉइड, ड आणि ब१२ जीवनसत्त्वांची कमतरता, रक्त कमी असणं, काबूत नसलेली साखर, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइडचं औषध, या सगळ्यांनी पाय गळतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दुखतात. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायचं. नेहमीचे डॉक्टर असोत की सीपीआरची (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याची) ओपीडी, जाताना वही आणि चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्या.

तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका:

१. किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट कसा आहे, आणि प्रथिनं वाढवली तर चालतील का?
२. हृदय आणि रक्तदाब बघता वजन उचलायला हरकत आहे का?
३. हर्निया, अलीकडचं डोळ्याचं ऑपरेशन, पाठीचा दबलेला मणका, यापैकी काही असेल तर कोणता व्यायाम टाळायचा?

> थांबा: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एकच पोटरी अचानक सुजून दुखणं, किंवा काही न करता सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरणं (६० किलोच्या माणसाचं ३ किलो). यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा. पहिली चार लक्षणं असतील तर उद्यावर ढकलू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

दवाखान्यात गेल्यावर एक गोष्ट मागू नका, ती म्हणजे सलाईन. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' हे ऐकून कान किटले आहेत. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. प्रथिन शून्य. उलट्या-जुलाबानं पाणी कमी झालं असेल तर योग्य सलाईन जीव वाचवतं, पण झिजलेल्या मांडीला अशा बाटलीचा काडीचा उपयोग नाही.

टप्पा ३ : दात, खुर्ची, पायताण

हा टप्पा सगळे गाळतात, म्हणून पुढचे अडतात.

दात आधी. कवळी सैल असेल, दाढा नसतील, तर माणूस चावायला लागणारं सगळं हळूच ताटाच्या कडेला सारतो आणि भात-आमटीवर दिवस काढतो. मटण सुटतं, शेंगदाणे सुटतात, भाकरीही सुटते. कवळी नीट बसवून घ्या. तोवर खिमा, पिठलं, घट्ट वरण, दाण्याचं कूट, मऊ अंडं यांवर भर द्या.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, चारही पाय पक्के. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची व्यायामाला चालत नाही. उठताना ती मागं सरकते आणि फरशीवर पाय फाकतात.

पायात काय असावं? मागून बंद असलेले, रबरी तळाचे बूट, नाहीतर कोरड्या फरशीवर अनवाणी पाय. कोल्हापुरी पायताण आपल्या अभिमानाचं असलं तरी व्यायामाला नको. चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो आणि टाच मोकळी राहते. पायात मोजे घालून तर मुळीच नको. मधुमेह असेल तर अनवाणीही नको, कारण तळव्याला लागलेलं कळत नाही.

बाकी सामान घरातलंच: पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या (भरली की एक किलो), दोन घट्ट उशा आणि खांद्याला लावायची जुनी दप्तराची पिशवी.

टप्पा ४ : ताट दुरुस्त करा, व्यायामाच्या आठवडाभर आधी

उपाशी स्नायूवर भार टाकला तर फक्त दमणूक होते. म्हणून ताट आधी.

किडनी ठीक असलेल्या ज्येष्ठ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. आजारातून उठलेल्याला १.५ पर्यंत. म्हणजे ६० किलोच्या आबांना दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम, आणि ती एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळा साधारण २० ते २५ ग्रॅम.

आता आपलं नेहमीचं ताट बघा. सकाळी चहा-खारी, मग पोहे. दुपारी दोन भाकरी, भाजी, पातळ आमटी. रात्री भात, नाहीतर दूध-भाकरी. पोट भरतं, पण बेरीज चाळिशीच्या आसपास अडकते. त्यातही सकाळच्या खात्यात जवळपास काहीच जमा होत नाही.

अंदाज घेण्यापुरते आकडे ध्यानात ठेवा:

- एक अंडं : ६ ग्रॅम
- म्हशीचं दूध, २०० मिलिलिटर : ७ ते ८
- दही, मोठी वाटी : ५
- कच्ची डाळ, मटकी किंवा हरभरा, ३० ग्रॅम (शिजल्यावर एक घट्ट वाटी) : ७
- बेसन, ४० ग्रॅम (एका माणसाचं पिठलं) : ८ ते ९
- शेंगदाणे किंवा फुटाणे, मूठभर (३० ग्रॅम) : ६ ते ७
- पनीर, ५० ग्रॅम : ९
- सोयाबीनच्या वड्या, कोरड्या २५ ग्रॅम : १३
- शिजलेलं चिकन किंवा मटण, हाड वगळून १०० ग्रॅम : सुमारे २५
- ज्वारीची एक भाकरी : ५

यावरून दिवस असा बसतो. सकाळी दोन अंडी आणि एक पेला दूध, झाले २०. दुपारी दोन भाकरी, मटकीची घट्ट उसळ, दही, झाले २२. चारला चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे. रात्री पिठलं, एक भाकरी, झोपताना पेलाभर दूध. सत्तरीच्या आसपास गाडी गेली, आणि यात बाजारातली एकही पावडर नाही. अंडं न खाणाऱ्या घरात सकाळी मुगाची धिरडी आणि दूध किंवा पनीर घ्या, हिशेब तोच लागतो. गंगावेशच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या आबांना फक्त एवढंच सांगा, की आता दूध उकळून प्यायचं आणि सोबत काहीतरी खायचं. एका पेल्यानं सकाळ भागत नाही.

आता रश्श्याबद्दल, कारण कोल्हापुरात गैरसमज इथंच शिजतो. आजारी माणसाला अळणीची (बिनतिखटाच्या मटणाच्या पाण्याची) वाटी, मग पांढरा रस्सा, मग तांबडा, आणि मटणाच्या फोडी मात्र पोरांच्या ताटात. रश्श्यानं तोंडाला चव येते, भूक चाळवते, हे खरं. पण प्रथिनं फोडीत राहतात. पायाच्या सूपचंही तसंच. त्यातलं चिकट द्रव्य स्नायू बांधण्याच्या कामात अंड्या-दुधाची बरोबरी करत नाही. आज्जींना रस्सा जरूर वाढा, पण त्यात मऊ शिजवलेल्या चार फोडी असू द्या. आणि रविवारी पाव किलो मटण हाणून उरलेले सहा दिवस आमटी-भात, हा हिशेब शरीराला मान्य नसतो. जादा प्रथिनं साठवून ठेवायची कोठी त्याच्याकडं नाही.

उपवासाचंही बघा. एकादशी किंवा नवरात्राच्या नऊ दिवसांत साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट. श्रद्धेचा प्रश्न नाही, ताटाचा आहे. शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, राजगिरा, पनीर उपवासाला चालतात, तेच पुढं करा. नुसत्या पाण्यावरचे उपवास सत्तरीनंतर नकोत.

> सावधान: किडनीचा आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. किती खायचं ते किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा.

> पडताळा: तीन दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहा आणि बेरीज करा. ठरवलेल्या आकड्याच्या जवळ आल्याशिवाय पुढं जाऊ नका. आला नसाल तर सकाळचा नाश्ता आधी सुधारा, दुपारचं जेवण नंतर.

टप्पा ५ : पहिले दोन आठवडे, फक्त रीत शिकायची

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. वेळ सकाळी नाश्त्यानंतर तासाभरानं. उठल्या उठल्या नको, तेव्हा अंग आखडलेलं असतं आणि काहींना उभं राहताच चक्कर येते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी अजिबात नाही.

आधी पाच मिनिटं घरातल्या घरात चालणं आणि हात-खांदे फिरवणं. मग हे पाच प्रकार:

१. *खुर्चीतून उठणं-बसणं.* ओणवं होऊन नाक गुडघ्यांच्या पुढं न्यायचं, टाचांवर जोर देऊन उठायचं. बसताना मनात तीन मोजत हळू यायचं. धप्पकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया.
२. *भिंतीला जोर.* हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीवर ठेवायचे, कोपर वाकवून छाती भिंतीकडं न्यायची आणि परत ढकलायचं.
३. *टाचा उचलणं.* स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून चवड्यांवर उभं राहायचं, दोन मोजायचे, सावकाश खाली.
४. *बाटली ओढणं.* एक हात टेबलावर टेकून थोडं वाकायचं, दुसऱ्या हातातली भरलेली बाटली बरगडीपर्यंत ओढायची. पाठ सरळ.
५. *पायरी चढणं.* जिन्याची सर्वांत खालची पायरी, एक हात कठड्यावर. एक पाय वर ठेवून अंग वर घ्यायचं, तोच पाय वर ठेवून खाली उतरायचं. पेठांतल्या जुन्या वाड्यांचे जिने उभे आणि पायऱ्या उंच असतात. तसा जिना असेल तर हा प्रकार सुरुवातीला सोडा.

प्रत्येक प्रकार ८ वेळा, एकच फेरी, दोन प्रकारांमध्ये मिनिट-दोन मिनिटं दम. या पंधरवड्यात 'एवढंच?' असं वाटलं पाहिजे.

श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. हे जमत नसेल तर आबांना मोठ्यानं आकडे मोजायला लावा. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

इथं जुन्या पैलवानांसाठी वेगळं सांगावं लागतं, आणि कोल्हापुरात असे आबा गल्लीगणिक आहेत. तरुणपणी तालमीत वस्तादांसमोर शेकड्यांनी जोर-बैठका काढलेला माणूस एका फेरीत ८ म्हटलं की हसतो, आणि तुमची पाठ वळली की पंचवीस मारतो. मनाला जुनी गिनती पाठ असते, गुडघ्याच्या कुर्च्यांना नसते. अशा घरात मोजदाद नातवाकडं द्या. नातवाचं ऐकतात.

> सावधान: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकणं ठीक आहे. सांधा दुखू लागला आणि व्यायामानंतर दोन तासांनीही थांबला नाही तर पुढच्या वेळी निम्मं करा. सांधा सुजला तर तो प्रकार बंद करून दाखवून या.

टप्पा ६ : भार वाढवणं, जिथं बहुतेक जण थांबतात

पंधरवडा सुरळीत गेला की माणूस खूश होतो आणि वर्षभर तेच ८-८ करत राहतो. स्नायू एकदा त्या भाराला सरावला की पुढं वाढायचं कारण त्याच्यापुढं उरत नाही. चालण्याचंही हेच झालेलं असतं: रंकाळ्याची फेरी गेली दहा वर्षं तेवढीच, तेवढ्याच गतीनं, मित्रांशी बोलत.

आठवडा तीन ते सहा: फेऱ्या एकवरून दोन करा आणि गिनती ८ वरून हळूहळू १२ वर न्या. सातव्या आठवड्यापासून झेपत असेल तर तीन फेऱ्या.

कधी वाढवायचं, याची खूण साधी आहे. फेरीतले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण रीत बिघडता कामा नये. शेवटी आबा म्हणाले, 'अजून पाच-सहा निघतील,' तर भार कमी आहे. 'अजून दोन कसेबसे,' म्हणाले तर बरोबर. चेहरा वेडावाकडा झाला, श्वास कोंडला, पाठ वाकली तर जास्त आहे. लागोपाठ दोन दिवस १२ सहज झाले की भार एक पायरी वाढवायचा आणि गिनती परत ८ वर आणायची.

खुर्चीच्या व्यायामाच्या पायऱ्या अशा:

- बैठकीवर दोन उश्या, हातांनी मांड्यांवर रेटा देऊन
- एक उशी, हातांचा नाममात्र आधार
- उशी नाही, हात छातीवर
- छातीशी एक लिटरची बाटली
- दोन बाटल्या
- पाठीला दप्तर, त्यात दोन किलो. मग दर वेळी अर्धा-एक किलो

एकावेळी एकच गोष्ट बदला. उशी काढली त्याच दिवशी बाटली दिली आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला, तर दोष कशाचा हे कळायला मार्ग नाही. भिंतीचे जोर सोपे झाले की ओट्याला हात टेकून जोर. टाचा दोन्ही पायांवर सोप्या झाल्या की एका पायावर, ओटा धरूनच. बाटलीऐवजी कापडी पिशवीत वाळू किंवा तांदूळ भरले की वजन पाव किलोनंही वाढवता येतं. आज्जींसाठी हे फार सोयीचं, कारण एक किलोवरून एकदम दोनवर उडी झेपत नाही.

आज्जींच्या बाबतीत घरातलेच आडवे येतात, हे आवर्जून सांगायला हवं. 'तुम्ही बसा, मी उचलते,' हे सुनेचं प्रेम असतं आणि त्यातच आज्जींची उरलीसुरली ताकद जाते. पाण्याची अर्धी कळशी, बाजारातली छोटी पिशवी, कणीक मळणं ही कामं त्यांच्याकडं राहू द्या. फक्त वाकून उचलायचं काम असेल तर वस्तू आधी स्टुलावर ठेवा.

> पडताळा: वहीत प्रत्येक दिवसाला तीन रकाने असावेत: प्रकार, किती वेळा, किती वजन. महिनाभर तिसरा रकाना हललाच नाही तर तुम्ही व्यायाम करत नाही, हजेरी लावताय.

टप्पा ७ : तोल आणि जमिनीवरून उठणं

ताकद आली तरी तोल वेगळा शिकवावा लागतो. ओट्याच्या कडेला, मागं कुणीतरी उभं राहून, रोज पाच मिनिटं: पाय जुळवून १० सेकंद, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला, मग एकापुढं एक, शेवटी एका पायावर. एक जमल्याशिवाय पुढचा नाही. डोळे मिटून करायचे खेळ नकोत.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात जमिनीवरून उठण्याचा सराव घ्या. सतरंजीवर बसलेल्या आबांनी कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, समोरच्या पक्क्या खुर्चीवर दोन्ही हात ठेवायचे, जो पाय दणकट तो पुढं घेऊन उठायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

टप्पा ८ : चालणं कुठं बसवायचं

बंद करू नका. हृदयाला, साखरेला, मनाला ते हवंच, आणि रंकाळ्याकाठची मित्रमंडळी कुठल्याही टॉनिकपेक्षा बरी. फक्त व्यायामाच्या दिवशी आधी भार, मग फेरी. दमून आल्यावर बैठका नीट होत नाहीत. फेरीतही मधून मधून एक-दोन मिनिटं गप्पा बंद पडतील इतकं भरभर चालायचं, मग परत नेहमीची चाल.

टप्पा ९ : दर चार आठवड्यांनी पुन्हा मोजणी

तीच खुर्ची, तीच वेळ, तेच बूट. आधी खुर्चीचे सेकंद कमी होतात, साधारण सहा ते आठ आठवड्यांत. सुरुवातीची ताकद मेंदू आणि नसांच्या सरावातून येते. पोटरीचा घेर बराच नंतर हलतो, तीन महिन्यांच्या आत आशा धरू नका. वजनकाटा जागचा हलला नाही तरी घाबरायचं नाही. चरबी उतरून मांस चढलं तर काटा तसाच दिसतो.

दोन महिने झाले आणि सेकंद तसेच? या क्रमानं शोधा: भार वाढतोय का, सकाळचं प्रथिन पोटात जातंय का, झोप होते का, दुखणं लपवून ठेवलंय का. चारही ठीक असतील तर परत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. त्यांच्याकडं हाताची पकड मोजायचं यंत्र असतं. पुरुषाची पकड २८ आणि स्त्रीची १८ किलोच्या खाली असेल तर ती कमी धरतात.

याच सुमारास कुणीतरी 'ताकदीची पुडी' सुचवतो. घटक न छापलेली पुडी घरात आणू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्यानं आठवडाभर तरतरी येते, साखर चढते आणि पुढं तेच औषध स्नायू खातं.

टप्पा १० : पाऊस आणि आजारपण

जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस फेरी बंद पाडतो आणि माणूस टीव्हीसमोर रुततो. म्हणून हे सगळे व्यायाम घरात बसतील असेच निवडले आहेत. पावसात व्यायामाचे दिवस कमी करू नका. दमट फरशी मात्र आधी पुसून घ्या.

आजारपण जास्त अवघड. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस पूर्ण अंथरुणात ठेवून केलेल्या अभ्यासात त्यांच्या पायांचं सुमारे १ किलो मांस कमी झालेलं दिसलं. आजारी माणसाचं त्याहून लवकर जातं. त्यामुळं दवाखान्यात असतानाच डॉक्टरांना विचारून हे चालू करा: प्रत्येक जेवण पलंगावर आडवं पडून नव्हे तर खुर्चीत बसून, संडासला शक्य तितकं चालत, आणि पडल्या पडल्या दर दोन तासांनी पाऊल वर-खाली व मांडी आवळून सोडणं. जेवण जात नसेल तर पेजेत दुधाची पावडर, वरणात अंडं फेटून, दह्यात दाण्याचं कूट. घासांची संख्या तीच, आतला माल दुप्पट.

घरी आल्यावर आजाराआधीच्या वजनापासून सुरू करू नका. ताप जाऊन, जेवण नीट होऊ लागल्यावर निम्म्या भारानं, एका फेरीनं सुरुवात करा आणि दर आठवड्याला वर न्या. पंधरा दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर वहीचं नवीन पान उघडा, पहिल्या टप्प्यातली मोजणी परत करा आणि उशी पुन्हा खुर्चीवर ठेवा.